गाठीतला ऑक्सिजन आणि गाठीतली आम्लता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅन्सरच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवणं आणि त्या कशा वागतात ते पाहणं हे माझं रोजचं काम. घरात, लग्नकार्यात, गावी गेलं की देवळाच्या पायरीवरसुद्धा मला विचारले जाणारे प्रश्न ठरलेले असतात : गाठीत आम्ल असतं म्हणे, मग खायचा सोडा पाण्यातून प्यायला तर? ऑक्सिजन कमी पडतो म्हणे, मग प्राणायाम केला तर? या प्रश्नांच्या मुळाशी शंभर वर्षांचं खरं विज्ञान आहे. त्याच विज्ञानाचं नाव लावून फिरणारे, माणसाचं नुकसान करणारे निरोपही आहेत. म्हणून नीट, सविस्तर लिहायचं ठरवलं.

श्वास तर नीट चालू असतो, मग गाठीत ऑक्सिजन कमी का पडतो?

बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ९८ दाखवत असतो आणि त्याच क्षणी गाठीच्या आतल्या पेशी गुदमरत असतात. रक्तात ऑक्सिजन भरपूर आहे, अडचण आहे ती शेवटच्या टप्प्यात. केशवाहिनीतून बाहेर पडलेला ऑक्सिजन पेशींच्या थरांमधून झिरपत पुढे सरकतो आणि वाटेतली प्रत्येक पेशी आपला वाटा उचलते. कालव्याच्या टेलला ज्यांची शेती आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. वरच्यांनी पाणी उचललं की टेलपर्यंत काही येत नाही. रक्तवाहिनीपासून साधारण दीडशे-दोनशे मायक्रोमीटर, म्हणजे दोन केसांच्या जाडीएवढं अंतर गेलं की ऑक्सिजन संपतो.

हे पहिल्यांदा नीट मांडलं १९५५ साली इंग्लंडमध्ये टॉमलिन्सन आणि ग्रे या दोघांनी. त्यांनी फुप्फुसाच्या कॅन्सरचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पेशींचे दोरखंडासारखे पुंजके होते. बारीक पुंजक्यांत सगळ्या पेशी जिवंत, जाड पुंजक्यांत मात्र मधोमध मेलेला गाभा आणि भोवती जिवंत कड. पुंजका कितीही जाड असो, जिवंत कड साधारण १८० मायक्रोमीटरच्या पुढे जात नव्हती. ऑक्सिजन किती दूर झिरपू शकेल याचं गणित मांडलं, तर तेही जवळपास तिथेच येत होतं. यातले ग्रे म्हणजे तेच, ज्यांच्या नावाने किरणोपचाराचा डोस मोजतात. रुग्णाच्या फाईलवर '६६ ग्रे' लिहिलेलं असतं ते त्यांचंच नाव.

यात भर पडते गाठीतल्या रक्तवाहिन्यांची. त्या घाईघाईत उगवलेल्या असतात : वेड्यावाकड्या, गळक्या, कुठे आंधळ्या बोळासारख्या मध्येच संपणाऱ्या. एखादी वाहिनी काही मिनिटं दबते, बंद पडते, पुन्हा सुरू होते. त्यामुळे ऑक्सिजनची टंचाई दोन तऱ्हेची असते, एक वाहिनीपासून लांब असल्यामुळे कायमची आणि दुसरी वाहिनीच बंद पडल्यामुळे येऊनजाऊन.

आकडाच हवा असेल तर गर्भाशयमुखाचं उदाहरण घ्या. जर्मनीत माइन्झ इथे फाउपेल आणि होकेल यांच्या गटाने बारीक सुईसारख्या इलेक्ट्रोडने थेट मोजमाप केलं. निरोगी गर्भाशयमुखात ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या सुमारे ४० मिलिमीटरएवढा, तर कॅन्सरच्या गाठींत मध्यावरचा आकडा १०च्या आसपास. ज्यांच्या गाठीत ऑक्सिजन फार कमी होता त्यांचा आजार पुढे जास्त बळावला, हेही त्यांनी १९९६ साली दाखवलं.

ऑक्सिजन कमी झाला की आम्ल कुठून येतं?

पेशीला ऊर्जा लागते आणि ती मुख्यतः ग्लुकोजपासून मिळते. ऑक्सिजन असेल तर ग्लुकोजचा एक रेणू पूर्ण जळतो आणि त्यातून ऊर्जेची जवळजवळ तीस नाणी मिळतात. एटीपी हे त्या नाण्याचं नाव. ऑक्सिजन नसेल तर ग्लुकोज अर्ध्यावरच तुटतं, दोनच नाणी मिळतात आणि मागे उरतं लॅक्टिक आम्ल. आता दोन नाण्यांवर घर चालवायचं तर ग्लुकोज कितीतरी पटींनी जास्त जाळावं लागतं. तेवढंच आम्लही जास्त साचतं. विरजणातले जिवाणू दुधातल्या साखरेचं जे करतात, तेच हे.

मी हे रोज डोळ्यांनी पाहते. पेशी ज्या पोषक द्रवात वाढतात त्यात फिनॉल रेड नावाचं रंगद्रव्य असतं. ताजा द्रव डाळिंबाच्या रसासारखा लालसर. शुक्रवारी संध्याकाळी पेशी दाट झालेल्या असताना द्रव बदलायचा राहिला, तर सोमवारी सकाळी इन्क्युबेटरचं दार उघडताच फ्लास्क पिवळे दिसतात, लिंबाच्या सरबतासारखे. त्या पिवळेपणात दोन दिवसांचं आम्ल असतं. फ्लास्कमधला द्रव मी ओतून टाकते आणि नवा घालते. शरीरात हे काम रक्त करतं. गाठीत नेमकं तेच धड होत नाही.

आणि आम्ल फक्त लॅक्टिकच असतं असं नाही. याकडे बहुतेक लेखांत दुर्लक्ष होतं, म्हणून थोडं थांबून सांगते. ज्या पेशींमध्ये लॅक्टिक आम्ल तयार करण्याची यंत्रणाच बिघडवून टाकली होती, त्यांच्या गाठी प्राण्यांमध्ये वाढवून पाहिल्या गेल्या. त्या गाठीही आम्लधर्मीच निघाल्या! कारण उरतो कार्बन डायऑक्साइड. तो पाण्यात विरघळला की कार्बोनिक आम्ल होतं, सोड्याच्या बाटलीत असतं तेच. निरोगी अवयवातून तो रक्ताबरोबर निघून जातो, गाठीत रेंगाळतो. म्हणजे ऑक्सिजन मिळाला तरी आम्ल आणि नाही मिळाला तरी आम्ल, फक्त प्रकार वेगळा. निचरा नीट नसणं हे दोन्हींमागचं समान कारण आहे.

'आम्लधर्मी' म्हणजे किती? ॲसिडसारखं?

नाही, तितकं नाही. आम्लता मोजायची पट्टी म्हणजे सामू, ज्याला सगळे पीएच म्हणतात. आकडा जितका खाली तितकं आम्ल जास्त. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात असतो. गाठीतल्या पेशींच्या बाहेरच्या द्रवाचा बहुधा ६.५ ते ६.९. जठरातला रस याच्या कितीतरी पट आंबट असतो, सामू २च्या आसपास.

पण फरक लहान समजू नका. ही पट्टी पटीपटीने चढते. ७.४ वरून ६.८ वर येणं म्हणजे आम्लपणा आणणारे हायड्रोजन आयन चौपट होणं. रक्ताचा सामू असा ६.८ झाला तर माणूस अतिदक्षता विभागात मृत्यूशी झुंजत असतो. गाठीतल्या पेशी त्याच सामूत नांदतात.

ऑक्सिजन कमी झाल्याचं पेशीला कळतं कसं?

या प्रश्नाच्या उत्तरासाठी २०१९चं वैद्यकशास्त्राचं नोबेल दिलं गेलं : विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा या तिघांना. मला स्वतःला जीवशास्त्रातल्या सर्वांत सुंदर यंत्रणांपैकी ही एक वाटते.

पेशीत हिफ नावाचं एक प्रथिन असतं. पेशी ते सतत बनवते आणि सतत मोडते. ऑक्सिजन असेल तर एक विकर (एन्झाइम) त्या ऑक्सिजनचाच अणू वापरून हिफवर खूण करतं. ती खूण व्हीएचएल नावाचं दुसरं प्रथिन ओळखतं आणि हिफला मोडीत काढतं, तेही काही मिनिटांत. वारा वाहत असताना अंगणात रांगोळी काढत राहावी तसं : काढायची, पुसली जायची. वारा पडला की रांगोळी टिकते. इथे वारा म्हणजे ऑक्सिजन. तो थांबला की हिफ पुसलं जात नाही, साठतं, पेशीच्या केंद्रकात जातं आणि कितीतरी जनुकं चालू करतं.

ती जनुकं कोणती ते पाहिलं की आम्लाची सगळी गोष्ट उलगडते. ग्लुकोज आत ओढणारी दारं वाढतात. ग्लुकोज तोडणारी आणि लॅक्टिक आम्ल बनवणारी विकरं वाढतात. ऊर्जेच्या मोठ्या भट्टीकडे, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाकडे जाणारा रस्ता अरुंद केला जातो. लॅक्टिक आम्लाचे दोन भाग, लॅक्टेट आणि हायड्रोजन आयन, जोडीने बाहेर टाकणारा एमसीटी-४ हा वाहक वाढतो. पेशीच्या बाहेरच्या अंगाला कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज-९ हे विकर उगवतं, जे कार्बन डायऑक्साइडचं रूपांतर बायकार्बोनेट आणि हायड्रोजन आयनात करतं. शिवाय नव्या रक्तवाहिन्या मागवणारा संदेशही जातो.

डोंगरावर गेलेल्या माणसाला वाचवणारी हीच यंत्रणा आहे. त्याचे मूत्रपिंड हिफच्याच सांगण्यावरून जास्त रक्तपेशींची मागणी करतात. गाठीने वेगळं काही शोधून काढलेलं नाही, शरीराचीच वहिवाट तिने आपल्या कामाला लावली आहे.

ऑक्सिजन असतानाही कॅन्सरच्या पेशी आम्ल बनवतात, हे खरं का?

खरं आहे. १९२०च्या दशकात बर्लिनमध्ये ओटो वॉरबर्ग यांनी हे दाखवलं. त्यांना वाटलं, पेशीची भट्टीच मोडली असणार आणि त्यातूनच कॅन्सर होत असणार. निरीक्षण अचूक होतं, निष्कर्ष मात्र पुढे टिकला नाही. बहुतेक कॅन्सर पेशींची भट्टी चालू असते. त्या दोन्ही चुली एकदम पेटवतात. भराभर वाढणाऱ्या पेशीला नुसती ऊर्जा पुरत नाही, नवी पेशी बांधायला कच्चा मालही लागतो. अर्ध्यावर तुटलेल्या ग्लुकोजमधून तो मिळतो, असं आज बरेच संशोधक मानतात.

वॉरबर्ग यांना १९३१ साली नोबेल मिळालं ते श्वसनाच्या विकरावरच्या कामासाठी. 'अल्कधर्मी शरीरात कॅन्सर जगत नाही हे सिद्ध केल्याबद्दल नोबेल' असा निरोप मोबाईलवर आला तर तो पुढे पाठवू नका.

म्हणजे जिथे ऑक्सिजन कमी तिथेच आम्ल जास्त, असं म्हणता येईल?

ढोबळमानाने होय, पण बारकाईने पाहिलं तर नाही. १९९७ साली उंदरांमधल्या गाठींत एकेका रक्तवाहिनीच्या भोवती ऑक्सिजन आणि सामू दोन्ही मोजले गेले. वाहिनीपासून दूर जावं तसे दोन्ही सरासरीने घटत होते, पण एकाच ठिकाणचे दोन आकडे जुळवायला गेलं तर मेळ बसत नव्हता. ऑक्सिजन आत येण्यावर चालतो, आम्लाचा हिशेब बाहेर जाण्यावर. रक्तवाहिनीजवळची ऑक्सिजन मिळणारी पेशीही लॅक्टिक आम्ल बनवत असते. काही गाठींत निरोगी भागाला लागून असलेली कडसुद्धा आम्लधर्मी असल्याचं पुढच्या प्रयोगांत दिसलं, आणि तिथे ऑक्सिजनची टंचाई नव्हती. म्हणून या दोन गोष्टी सख्ख्या बहिणी आहेत, जुळ्या नाहीत.

त्या आम्लात गाठीतल्या पेशी स्वतः का मरत नाहीत?

घरातला केर रस्त्यावर लोटून घर लखलखीत ठेवणारी माणसं आपण पाहतो. कॅन्सरची पेशी हेच करते. बाहेरचा सामू ६.७ असला तरी आतला ७.२च्या वर, कधी ७.४ पर्यंतही टिकवलेला असतो. निरोगी ऊतींत चित्र उलटं असतं : आत थोडं आम्ल जास्त, बाहेर कमी. हायड्रोजन आयन बाहेर टाकणारे पंप आणि बायकार्बोनेट आत घेणारे वाहक अखंड चालू असतात, म्हणून हे साधतं. ज्या पेशींना हे जमत नाही त्या मरतात. उरतात त्या सोसायला शिकलेल्या. दुखण्याची खरी गोम इथे आहे, कारण गाठीतली टंचाई आणि आम्ल मिळून चिवट पेशी निवडत राहतात.

टाकाऊ लॅक्टेटही वाया जात नाही. ऑक्सिजनच्या टंचाईतल्या पेशींनी फेकलेलं लॅक्टेट रक्तवाहिनीजवळच्या पेशी उचलतात आणि जाळतात. त्यामुळे त्यांना ग्लुकोज कमी लागतं आणि ते आतल्या, लांबच्या पेशींसाठी शिल्लक राहतं.

बाहेर साचलेल्या या आम्लाने रुग्णाचं काय नुकसान होतं?

तीन मोठी नुकसानं. पहिलं म्हणजे पसरणं. भोवतालच्या निरोगी पेशी त्या सामूत तग धरत नाहीत, आणि पेशींमधलं जाळं विरघळवणारी कॅथेप्सिनसारखी विकरं आम्लात जास्त जोमाने काम करतात. वाट मोकळी होते.

दुसरं, प्रतिकारशक्ती. कॅन्सरच्या पेशींवर तुटून पडणाऱ्या टी-पेशी आम्लात आणि लॅक्टेटमध्ये मंदावतात. त्यांचं मारण्याचं काम आणि संख्या वाढवणं दोन्ही थंडावतं. मॅक्रोफेज नावाच्या पेशी तर लॅक्टेटच्या सान्निध्यात बाजू बदलतात आणि गाठीच्या वाढीला मदत करू लागतात. इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्तीलाच कामाला लावणारा उपचार, काहींना लागू पडते आणि काहींना पडत नाही, त्यामागच्या अनेक कारणांपैकी हे एक.

तिसरं, औषध. डॉक्सोरुबिसिन, ज्याला रुग्ण 'लाल औषध' म्हणून ओळखतात, ते अल्कधर्मी स्वभावाचं आहे. आम्लात त्याच्या रेणूवर विद्युतभार चढतो आणि भार असलेला रेणू पेशीच्या पडद्यातून सहज आत शिरत नाही. औषध दाराशी येऊन बाहेरच थांबतं. क्लोरॅम्ब्युसिलसारख्या आम्लधर्मी औषधाचं याच्या उलट होतं.

किरणोपचाराशी याचा काय संबंध?

थेट संबंध आहे, आणि तो आम्लापेक्षा ऑक्सिजनशी जास्त आहे. किरणांमुळे पेशीतल्या डीएनएवर जखम होते. ऑक्सिजन जवळ असेल तर ती जखम पक्की होते, नसेल तर बरीचशी लगेच भरून निघते. अजिबात ऑक्सिजन नसलेल्या पेशीला मारायला अडीच ते तीन पट डोस लागतो. हा अनुभव जुना आहे : १९०९ साली गॉटवाल्ड श्वार्त्झ यांच्या लक्षात आलं होतं की त्वचा दाबून रक्त कमी केलं की रेडियमचा परिणाम कमी होतो.

'एकदाच काय ती लाईट देऊन टाका ना' असं किती तरी नातेवाईक डॉक्टरांना म्हणतात. तीस-तीस खेपा, सोमवार ते शुक्रवार, मुक्कामाला जागा नाही, शेतीची कामं खोळंबलेली. त्यांचा वैताग मला समजतो. पण त्या खेपांमागे कारणं आहेत. निरोगी पेशींना रोज सावरायला वेळ मिळतो हे एक. दुसरं असं, की आज ऑक्सिजन मिळणाऱ्या पेशी मेल्या की त्यांचा वाटा आतल्या पेशींना मिळू लागतो, आणि उद्याच्या खेपेत त्या सापडतात. मधल्या खेपा चुकवू नका, हे मी हात जोडून सांगते.

उपचार चालू असताना रुग्णाने स्वतः काय करण्यासारखं आहे?

तंबाखू आणि विडी-सिगारेट बंद. आपल्याकडे तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर एवढा का दिसतो हे सांगायची गरज नाही, पण 'आता झालाच आहे तर सोडून काय उपयोग' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की उत्तर द्यायलाच हवं. उपयोग आहे. विडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून जास्त पट घट्ट धरून बसतो. मग गाठीपर्यंत ऑक्सिजन कमी पोचतो. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये किरणोपचार चालू असताना धूम्रपान करत राहिलेल्यांत उपचारांचा परिणाम कमी झाल्याचं १९९३ साली कॅनडातल्या अभ्यासात दिसलं होतं.

दुसरं, रक्त. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये रक्तस्रावामुळे हिमोग्लोबिन उतरतं आणि ज्यांचं उतरलेलं असतं त्यांना किरणोपचाराचा गुण कमी येताना दिसतो. रक्त चढवायचं का, कधी, हे डॉक्टर ठरवतील. रक्त वाढवायची इंजेक्शनं मनाने घेऊ नका. एरिथ्रोपोएटिन हे असंच इंजेक्शन देऊन हिमोग्लोबिन वाढवलेल्या डोक्या-मानेच्या रुग्णांमध्ये आजार आटोक्यात राहण्याचं प्रमाण उलट घटल्याचं २००३ साली युरोपातल्या एका चाचणीत समोर आलं. आकडा सुधारला, माणूस नाही.

मग सोडा, लिंबूपाणी किंवा अल्कधर्मी पाणी पिऊन गाठीतलं आम्ल मारता येईल का?

नाही. का नाही, ते सांगते.

खाण्यापिण्याने रक्ताचा सामू बदलत नाही. थोडं आम्ल वाढलं तर फुप्फुसं कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर टाकतात, मूत्रपिंड उरलेलं सांभाळतात. बदलतो तो लघवीचा सामू, आणि लघवीत पट्टी बुडवून 'शरीर अल्कधर्मी झालं' असं सांगणारे तेवढंच मोजत असतात. लिंबू, अल्कधर्मी पाणी यांनी गाठीपर्यंत काही पोचत नाही.

सोड्याचं थोडं वेगळं आहे, कारण त्यावर प्रामाणिक संशोधन झालं आहे. अमेरिकेत गिलीज आणि गेटनबी यांच्या गटाने २००९ साली दाखवलं की उंदरांना पाण्यातून बायकार्बोनेट, म्हणजे खायचा सोडाच, दिल्यावर काही प्रकारच्या कॅन्सरचं दुसरीकडे पसरणं कमी झालं. मूळ गाठ मात्र विरघळली नाही. उंदराच्या वजनाच्या हिशेबाने माणसाला रोज इतका सोडा लागेल की तो पोटात टिकणं कठीण. चीनमध्ये यकृताच्या गाठीत धमनीतून नळी घालून, रक्तपुरवठा तोडताना, थेट आत बायकार्बोनेट सोडण्याचा प्रयोगही झाला आहे. ती कॅथलॅबमधली शस्त्रक्रियेसारखी गोष्ट आहे. चमचाभर सोडा पाण्यात ढवळण्याशी तिचा संबंध नाही.

माझ्या मावशीच्या उशाशी मला खायच्या सोड्याचा डबा सापडला होता. किरणोपचार चालू होते. पाय सुजलेले, रक्तदाब वाढलेला, आणि डॉक्टरांना कारण कळत नव्हतं. "मावशी, हे किती दिवसांपासून घेतेस?" म्हटलं. "अगं, महिना झाला. रागावशील म्हणून नाही बोलले." सोड्यात सोडियम असतं, मिठासारखंच. त्याने रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडावर ताण येतो, रक्तातलं पोटॅशियम घसरू शकतं. मी रागावले नाही. डबा उचलून तिच्याबरोबर डॉक्टरांकडे घेऊन गेले. तुमच्या घरात असा डबा असेल तर तोही डॉक्टरांना दाखवा, लपवू नका.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. जेफिटिनिब, एर्लोटिनिब, डासाटिनिब यांसारख्या कॅन्सरच्या गोळ्या शोषल्या जायला जठरात आम्ल लागतं. सोडा किंवा अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या घेतल्या की औषध पुरेसं शोषलं जात नाही. गाठीचं आम्ल मारायला निघावं आणि गाठीवरचं औषध निकामी करून बसावं, असं होतं.

प्राणायाम किंवा ऑक्सिजनचं सिलिंडर?

प्राणायामाने मन शांत होतं, झोप सुधारते, उपचार सोसायला बळ येतं. जरूर करा. पण निरोगी फुप्फुसांच्या माणसाचं हिमोग्लोबिन आधीच जवळजवळ पूर्ण भरलेलं असतं, त्यात भर घालायला जागा फारशी नसते. घरी सिलिंडर लावून गाठ कमी होत नाही.

साखर बंद केली तर गाठ उपाशी मरेल का?

नाही. भात-भाकरी बंद केली तरी यकृत ग्लुकोज बनवत राहतं, कारण मेंदूला ते लागतंच. उपचारांच्या काळात वजन घटणं हाच मोठा धोका असतो. रुग्णाला जेवू द्या.

पेट (PET) स्कॅनमध्ये चमकतं ते आम्ल का?

चमकतं ते ग्लुकोज ओढण्याचं प्रमाण. किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेलं ग्लुकोजसारखं द्रव्य टोचतात आणि ज्या पेशी अधाशासारखं ते उचलतात त्या उजळतात. वॉरबर्ग यांच्या निरीक्षणाचा आज सर्वांत मोठा उपयोग इथेच होतो. मेंदूही उजळतो, टीबीची गाठही उजळते, म्हणून आपल्याकडे नुसत्या चमकीवरून निदान करत नाहीत, तुकडा काढून तपासतात.

टंचाई आणि आम्ल यांवर नेम धरणारी औषधं आहेत का?

थोडी आहेत, आणि अपयशांची यादी मोठी आहे. डेन्मार्कमध्ये डोक्या-मानेच्या कॅन्सरला किरणोपचाराबरोबर निमोराझोल देतात. ऑक्सिजनची जागा ते काही प्रमाणात भरून काढतं. तिथे ते नेहमीच्या उपचारांचा भाग झालं, इतर देशांत तसं झालं नाही. ऑक्सिजन नसलेल्या पेशींतच विषारी ठरणारं टिरापाझामिन प्रयोगशाळेत देखणं वाटलं होतं, मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही. गाठ बाहेरून तापवणं, म्हणजे हायपरथर्मिया, हाही एक मार्ग आहे. आम्लातल्या, कमी ऑक्सिजनमधल्या पेशी उष्णतेने लवकर मरतात. नेदरलँड्समध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर किरणांबरोबर तो वापरून फायदा दिसला होता.

हिफ कुटुंबावर थेट घाव घालणारं बेल्झुटिफॅन हे औषध २०२१ साली अमेरिकेत मंजूर झालं. ज्यांच्यात जन्मतःच व्हीएचएल बिघडलेलं असतं आणि मूत्रपिंडात गाठी होतात, अशांसाठी. वारा वाहत असूनही ज्यांची रांगोळी पुसली जात नाही, त्यांच्यासाठी तिला आवरायचं दुसरं साधन मिळालं. कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज-९ रोखणाऱ्या औषधांच्या चाचण्या झाल्या आहेत, पण नेहमीच्या उपचारांत ती आलेली नाहीत.

आमच्या रुग्णाच्या गाठीतला ऑक्सिजन किंवा सामू मोजून मिळेल का?

नेहमीच्या तपासण्यांत मिळत नाही. ऑक्सिजनची टंचाई दाखवणारं फ्लोरोमिसोनिडाझोल नावाचं पेट द्रव्य आहे, आम्लता दाखवणाऱ्या खास एमआरआय पद्धतीही आहेत, पण त्या मुख्यतः संशोधनात वापरल्या जातात. 'गाठीचा सामू मोजून देतो' असं सांगून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. त्याऐवजी पुढच्या भेटीत किरणोपचाराच्या डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा : सध्याचं हिमोग्लोबिन किती आहे आणि ते पुरेसं आहे का, एखादी खेप चुकली तर ती भरून कशी काढायची, आणि घरात चालू असलेल्या गोळ्या, काढे, पावडरी यांतलं काय थांबवायचं. त्या शेवटच्या प्रश्नासाठी सगळ्या बाटल्या आणि पुड्या एका पिशवीत घालून बरोबर न्या.